वेन्लाच्या हातावरचं औषध

१

नळीत औषध पांढरं आलं आणि डॉक्टर ओउती किंचाळली.

ती किंचाळणाऱ्यातली बाई नाही. बर्फावर घसरून पडली तरी आधी आजूबाजूच्यांची माफी मागेल, मग उठेल. त्यामुळे खोलीत सगळे दचकून तिच्याकडे वळले. पलंगावर माझी नात वेन्ला, उशाशी तिची आई, म्हणजे माझी सून हेता. पायथ्याशी ओउतीचा प्रयोगशाळेतला जोडीदार रूरिक. दाराशी त्या दोघांचा साहेब, प्राध्यापक इल्मारी, नवा टाय लावून, सोबत इस्पितळाचा फोटोवाला घेऊन. आणि खुर्चीत मी, सायमी काउप्पिनेन. मला कुणी बोलावलं नव्हतं. मला बोलवावं लागत नाही.

ओउतीनं बर्फाच्या पेटीतून बाटली काढली होती. तपकिरी काच, वरून चंदेरी कागद, उजेड लागू नये म्हणून. कागद सोलला, बूच टोचून औषध नळीत ओढलं, तर ते पांढरंफेक.

"काय झालं, ओउती?" इल्मारी पुढे वाकला. नळीकडे बघून म्हणाला, "चांगलं तर आहे." तिच्या खांद्यावर थोपटलंसुद्धा. मला वाटलं, एवढा मोठा माणूस, पण धीर देतोय बिचारा.

"चांगलं?" रूरिकचा चेहरा उतरला होता. "हे मेलंय, इल्मारी."

"पांढरं झालंय!" ओउती म्हणाली. "इतक्या थंडीत पांढरं! लावता येणार नाही आता हे. कुणालाच नाही."

इल्मारीनं तिच्या खांद्यावरचा हात काढला. नळीकडे बघितलं, ओउतीकडे बघितलं, फोटोवाल्याला हातानंच बाहेर घालवलं. मग त्याचा आवाज बदलला. "म्हणजे तुझ्या हातून खराब झालं."

आता वेन्लाचं सांगते. तिची कातडी जन्मापासून उकडलेल्या नव्या बटाट्याच्या सालीसारखी. बोट लागलं की सुटते. वरची कातडी आतल्या मांसाला धरून ठेवणारी जी गाठ असते, ती बांधायची अक्कलच तिच्या अंगाला मिळालेली नाही. जखमा भरतात, पण भरताना बोटाला बोट चिकटतं आणि हाताचा मुटका होतो. डावा केव्हाच झाला. उजव्याची बोटं त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया करून सुटी केली होती. बोटांच्या बेचक्यांत नुसतं लाल मांस. त्या मांसावर हे औषध जायचं होतं, म्हणजे नवी कातडी येताना शहाणी होऊन येईल. नाही गेलं तर बोटं पुन्हा चिकटणार, आणि पुढच्या वेळी कापायला काही उरणार नाही, असं सर्जननं मला तोंडावर सांगितलं होतं. औषध होतं ते एवढंच. पुन्हा बनवायला उन्हाळा उजाडला असता.

"आजी," वेन्ला म्हणाली, "मग माझा हात उघडा कशाला ठेवलाय?"

ते सगळे शिकलेले नळीकडेच बघत होते. माझं डोकं तडकलं. मी उठले, ओउतीच्या हातातून नळी ओढून घेतली आणि दोन थेंब मनगटावर टाकले. बाळाची बाटली बघतात तसे. तीन मुलगे वाढवलेत, हात आपोआप जातो.

"सायमीआजी, नको!" ओउती ओरडली. आणि पुढे बोलायची थांबलीच. माझ्या मनगटाकडे बघत राहिली. थेंब कोपराकडे पळत होते.

"हे घट्ट का होत नाहीये?" ती पुटपुटली. "खराब झालं तरी गरम अंगावर ते घट्ट व्हायलाच हवं."

मी मनगट चाटलं. हेतानं "आई!" म्हणून तोंडावर हात ठेवला.

"कारण हे तुमचं औषध नाहीच," मी म्हणाले. "हे दूध आहे. गोडसर दूध."

२

इल्मारीनं खोलीतून पाय काढायच्या आतच निकाल लावला. "हिचं औषध जमलंच नव्हतं," तो गलका ऐकून आलेल्या इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईला म्हणाला. "आज उघडं पडणार म्हणून बाटलीत दूध भरलं. दुसरं काय?"

प्रयोगशाळेत औषध ठेवायच्या थंड खोलीच्या किल्ल्या तिघांकडेच: ओउती, रूरिक, इल्मारी. ओउतीची काढून घेतली. चौकशी समिती नेमली. समिती कधी बसणार? तर पुढच्या महिन्यात. मी म्हणाले, कोंबडीसुद्धा याहून लवकर बसते, आणि उठताना अंडं तरी ठेवून जाते. मोठी डॉक्टरीणबाई म्हणाली, "सायमी, तुमचा राग मी समजू शकते." मी म्हणाले, "समजू नकोस. दूध कुणी भरलं ते शोध." तिनं मला पाणी दिलं.

मग मीच शोधायचं ठरवलं. बाजारचौकात माझं माशाच्या पावाचं दुकान आहे. तिन्ही मुलगे माझ्या हाताखाली काम करतात आणि अजून एकाची मला फसवायची छाती झालेली नाही. माणूस खोटं बोलायला लागला की त्याच्या गळ्यापर्यंत येण्याआधी मला कळतं.

ओउतीला त्याच दुपारी घरी बोलावलं. माझ्या टेबलाशी बसून ती रडली. मी रडू दिलं, मग कॉफी पुढे सरकवली. तिनं काळीच घेतली.

"रडून झालं असेल तर बोल," मी म्हणाले. "आणि मला कळेल असं बोल. मी शाळेत कमी आणि भट्टीपुढे जास्त बसलेय."

"तुमच्या पावासारखंच आहे, आजी." तिनं नाक पुसलं. "मासा पिठात गुंडाळून भाजता ना तुम्ही? आमचा मासा म्हणजे जनुक, वेन्लाच्या अंगात नसलेली अक्कल. ती उघडी पाठवली तर वाटेतच फाटते. म्हणून बाकीचे लोक ती विषाणूच्या पोटात घालून पाठवतात. दात काढलेला विषाणू. पण अंग त्याला ओळखतं. दुसऱ्यांदा आला की दार लावून घेतं. वेन्लाला तर हे औषध पुन्हापुन्हा लावावं लागणार."

"म्हणून तू पीठ मळलंस."

"पॉलिमर. लांब धागे, माणसानं बनवलेले. ते जनुकाला गुंडाळतात. थंडीत हे पाण्यासारखं नितळ आणि पातळ असतं. अंगाची ऊब लागली की धागे आक्रसतात, पांढरं होतं, घट्ट होऊन जखमेवर बसतं. मग पेशी त्याचा कण गिळते. पेशीच्या पोटात आंबट असतं. आंबट लागलं की गुंडाळी फुगते, फुटते, जनुक बाहेर. कुठे मिटायचं आणि कुठे उघडायचं, हे त्या धाग्यांना कळतं."

"तुझ्या साहेबापेक्षा जास्त कळतं म्हणायचं."

ती हसली नाही. मला मात्र आमची सौनाची, म्हणजे लाकडी खोलीत बसून वाफ घ्यायची, संध्याकाळ आठवली. औषधाला परवानगी मिळाली तेव्हा मी सगळ्यांना तळ्याकाठच्या आमच्या सौनात बोलावलं होतं. आधी बायकांची पाळी. ओउतीनं याच औषधाची, जनुक न घातलेली, काचेची छोटी नळी आणली होती. बाहेर बर्फात धरली की नितळ, आत वाफेत आणली की पांढरी. वेन्लाला वाफ सोसत नाही, ती बाहेरच्या खोलीत काचेतून बघत होती आणि "परत, परत!" म्हणून ओरडत होती. मग पुरुषांची पाळी. रूरिक नळी घेऊन आत गेला. माझे मुलगे ती घेऊन नागवेच बर्फातल्या खड्ड्याकडे पळाले, तळ्यात बुडवून आरडाओरडा केला. इल्मारी तेवढा आतच बसून राहिला, छातीचं कारण सांगून. वरच्या फळीवर, लाल टोमॅटो होऊन.

"एक सांग," मी ओउतीला म्हणाले. "तू दूध भरलं असतंस तर किंचाळली असतीस का?"

"आजी, मी भरलं असतं तर पाणी भरलं असतं. कुणाला काही कळलंच नसतं."

मी कप खाली ठेवला. खरंच की. बर्फाच्या पेटीतून निघालेलं औषध नितळ हवं. चोरानं दूध भरलं, म्हणजे चोराला वाटत होतं की औषध पांढरंच असतं. त्याला ते खपून जाईल असं वाटत होतं. म्हणजे...

मी खुर्ची मागे सारून उठले.

म्हणजे त्याला ते दूध वेन्लाच्या उघड्या मांसावर जाऊ द्यायचं होतं.

३

"हे बोलू नका," ओउती म्हणाली. "दूध! त्या जखमांत! दोन दिवसांत हात सडला असता. ताप डोक्यात गेला असता."

"बोलणार. गावभर बोलणार. आधी खरी बाटली कुठे आहे ते सांग."

"चोरानं ती फेकली नसेल तर थंड ठेवली असेल. पण गोठली तर संपली. बाहेर बर्फात ठेवलेली नसावी, एवढीच प्रार्थना करा. बूच शाबूत असेल तर अजून चालेल."

प्रार्थना मी रविवारी करते. तो वार बुधवार होता. मी रूरिककडे गेले.

रूरिकवर माझा संशय होता, कबूल आहे. किनाऱ्याकडचा, घरात स्वीडिश बोलणारा, ओठ दुमडून बसणारा. त्याचं मूळ काम विषाणूंवर. ओउतीच्या औषधाला तो सगळ्यांदेखत 'डिंक' म्हणायचा. डिंक बुडाला की त्याच्या विषाणूला चांगले दिवस येणार. आणि प्रयोगशाळेच्या आवारात मी पोचले तर हा गाडीच्या मागच्या झाकणाशी वाकलेला. गाडीत भली मोठी थंड पेटी. मला बघून झाकण धाडकन लावलं.

"उघड," मी म्हणाले.

"आजी, तुमचा काही संबंध..."

"माझ्या नातीच्या हाताचा संबंध आहे. उघड, नाहीतर मी इथे बर्फात आडवी पडेन आणि म्हणेन तू ढकललंस. माझं वय बघ आणि तुझं थोबाड बघ. लोक कुणाचं ऐकतील?"

त्यानं इकडेतिकडे बघितलं, झाकण उघडलं, पेटी उघडली.

आत तळ्यातले पर्च मासे. बर्फाला भोक पाडून धरलेले, बोटभर, डोळे उघडे.

"कामाच्या वेळेत गेलो होतो," तो लाल होऊन म्हणाला. "कुणाला सांगू नका. डोकं फिरलं होतं सकाळपासून. तळ्यावर बसलं की फिरायचं थांबतं."

"हे मासे आहेत की बोटाची नखं?" मी म्हणाले. मासे खरंच लहान होते. पण माझा सूर जरा खाली आला. "डिंक म्हणायचास ना तू तिच्या औषधाला?"

"अजून म्हणतो. भांडल्याशिवाय आम्हा दोघांना काम सुचत नाही." त्यानं पेटी बंद केली. "पण आजी, डिंक चालतो. मी स्वतः पेशींवर बघितलंय. माझा विषाणू एकदाच आत जातो, तिचा डिंक दहादा जातो. हे मला कबूल करायला किती त्रास झाला ते तुम्हाला माहीत नाही."

"पेटीतून काढल्यावर कसं दिसायला हवं ते?"

"पाण्यासारखं. उजेडाला धरलं तर किंचित निळं. का?"

पटकन बोलला, न अडखळता. आणि सकाळी "मेलंय" म्हणून सगळ्यांत आधी बोलला तोही हाच. दूध भरणारा असता तर तोंड मिटून उभा राहिला असता आणि माझ्या पोरीच्या हातावर ते जाऊ दिलं असतं.

मी तिथेच थांबले. सकाळची खोली पुन्हा डोळ्यांपुढे आली: कोण कुठे उभं होतं, कुणाच्या तोंडून काय निघालं. पण पुरावा म्हणजे तोंडची वाफ नव्हे. मला त्याच्याच तोंडून एकदा ऐकायचं होतं.

"इल्मारी आहे का वर?" मी विचारलं.

"आहे. सामान आवरतोय. उद्या परदेशी चाललाय."

"कुठे?"

"दक्षिणेत कुठल्यातरी खाजगी दवाखान्यात व्याख्यान आहे म्हणे." रूरिकनं खांदे उडवले. "अचानक ठरलं."

"ओउतीला फोन कर," मी म्हणाले. "दोघं वर या. आणि मी हाक मारेपर्यंत दाराबाहेर थांबा."

४

इल्मारीची खोली मोठी, गरम, आणि भिंतीवर इल्मारीच. या मंत्र्याबरोबर इल्मारी, त्या व्यासपीठावर इल्मारी. टेबलाच्या मागे दरवाजाएवढं एक चित्र: इल्मारीचा तळहात, त्यावर काचेची नळी, नळीत पांढरंशुभ्र औषध. खाली मोठ्या अक्षरांत त्याचं नाव. ओउतीचं नाव शोधायला मला चष्मा पुसावा लागला.

"या, आजीबाई," तो म्हणाला. आमच्याकडे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, फार तर लाडानं आजी म्हणतात. आजीबाई म्हटलं की समजायचं, समोरचा आपल्याला दारापर्यंत पोचवायच्या विचारात आहे. "फार वाईट झालं. मीही झोपू शकणार नाही आज."

"कॉफी पाज," मी म्हणाले आणि बसले.

आमच्याकडे कॉफीला नाही म्हणता येत नाही. त्यानं ओतली. कोपऱ्यात छोटा फ्रिज होता, त्यातून दुधाचा खोका काढला आणि दार घाईनं गुडघ्यानं लोटलं. मी दूध घातलं. एक घोट घेतला. गोडसर. नाजूक पोटाच्या लोकांसाठी मिळतं ते, ज्यातली मूळ साखर आधीच फोडलेली असते. साधं दूध असं गोड लागत नाही.

हे दूध गावात अर्धे लोक पितात. एवढ्यावरून कुणाला फासावर चढवता येत नाही.

"मला एक समजावून सांग," मी म्हणाले. "ओउतीचं म्हणणं, औषध नितळ असतं. तुझ्या भिंतीवर तर पांढरं आहे. मी अडाणी बाई. खरं काय?"

तो हसला. समजावून सांगायला मिळालं की ही माणसं फुलतात. "हा फोटो हाताच्या उबेतला आहे. थंडीत ते अगदी पाण्यासारखं असतं. हेच तर त्याचं वैशिष्ट्य! म्हणूनच, आज सकाळी नळीत पांढरं दिसल्याबरोबर मी ओळखलं की घात झालाय."

"दिसल्याबरोबर?"

"त्याच क्षणी. इतकी वर्षं काम केलंय मी त्यावर."

मी कॉफी संपवली. गरम होती, पण आतली आग त्याहून गरम होती. उठले, खुर्ची उचलली, कोपऱ्यातल्या फ्रिजच्या दाराला टेकवली आणि तिच्यावर बसले.

"आजीबाई, हे काय?"

"ओउती! रूरिक! आत या!"

ते आत आले. इल्मारीच्या तोंडावरचं हसू अजून तसंच होतं, फक्त आता त्याच्यामागे कुणी नव्हतं.

"आता तुम्ही दोघं ऐका," मी म्हणाले. "हा म्हणतो, पांढरं दिसल्याबरोबर यानं ओळखलं. सकाळी हा काय बोलला होता, रूरिक?"

रूरिकनं कपाळाला आठी घातली. "सकाळी... 'काय झालं' म्हणाला. 'चांगलं तर आहे.'" आणि मग सावकाश त्याचा जबडा घट्ट झाला.

"मी तिला धीर देत होतो!" इल्मारी म्हणाला.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण धीर 'होईल ठीक' म्हणून देतात. तू नळीकडे बघून 'चांगलं आहे' म्हणालास. त्या खोलीत ज्यांनी हे औषध रोज हाताळलं ते दोघंही पांढरं बघून हादरले. हेतासुद्धा हादरली, कारण तिनं आमच्या सौनात ते बर्फात नितळ होताना बघितलंय. माझ्या मुलांनी बघितलंय. वेन्लानं बघितलंय. एक तू बघितलं नाहीस. तू वाफेत बसून राहिलास. तुझ्यासाठी औषध म्हणजे वाफेतली नळी आणि हा भिंतीवरचा हात. आयुष्यात एकदा तरी थंड खोलीत उभा राहून याची बाटली उघडली असतीस, तर दुधाऐवजी पाणी भरलं असतंस आणि आज सुटला असतास. नळातून मिळत होतं रे!"

"ही बाई वेडी आहे," तो ओउतीकडे वळून म्हणाला. "तिला बाहेर काढ. तुझी नोकरी..."

"माझी किल्ली तू सकाळीच काढून घेतलीस," ओउती म्हणाली. तिचा आवाज मी प्रथमच असा ऐकला. "आणखी काय काढणार आहेस?"

"मला उठवायचंय ना?" मी इल्मारीला म्हणाले. "ये. उचल. नव्वद किलोची आहे मी, आणि तुझ्या छातीला ओझं चालत नाही म्हणतोस."

तो आला नाही. टेबलाच्या कडेला हात टेकून उभा राहिला. मी खुर्ची बाजूला घेतली, ओउतीनं फ्रिज उघडला. दुधाच्या मागे प्रवासाची थंड पिशवी. पिशवीत चंदेरी कागदात गुंडाळलेली बाटली. ओउतीनं कागद सोलला. आतल्या थराला नखाएवढी मापाची चकती चिकटवलेली होती, किती थंडी लागली ती टिपणारी. इल्मारीला तीही ठाऊक नव्हती; सकाळच्या खोट्या बाटलीवर ती नव्हतीच, फक्त घाईत ते ओउतीच्या ध्यानात आलं नव्हतं. बूच शाबूत होतं.

"गोठलेलं नाही," ओउती म्हणाली. "तापलेलंही नाही." आणि बाटली छातीशी धरून जमिनीवरच बसली.

"का?" रूरिकनं विचारलं.

इल्मारीनं टाय सैल केला. "तिकडे एक मुलगी आहे. हाच आजार. तिच्या वडिलांचा दवाखाना आहे, ते माझ्यासाठी स्वतंत्र संस्था काढताहेत. इथे आणखी दहा वर्षं अर्ज करत बसलो असतो. आणि इथे औषध चाललं नाही असं दिसलं असतं, तर इस्पितळानं त्यावरचा हक्क सोडला असता. कुणाचं काही गेलं नसतं." मग माझ्याकडे वळला, समजूत घालत असल्यासारखा. "दूध मी उकळून घेतलं होतं, आजीबाई. नीट उकळून."

मी हात उचलला होता. रूरिकनं धरला. त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

"त्या मुलीच्या बापानं माझं दार वाजवलं असतं," मी म्हणाले, "तर औषधातला अर्धा वाटा मागायला मीच ओउतीच्या पाया पडले असते. तिचीही कातडी कातडीच आहे. पण तू माझ्या नातीचं उघडं मांस घेतलंस आणि त्यावर खोटं लावायला निघालास. उकळून!"

५

गोष्ट इथे संपली असती तर मी आज जरा बरी झोपले असते.

बाटली सापडली, पण ती आता 'पुरावा' झाली होती. पोलिसांना ती हवी, समितीला ती हवी. कुलपाबाहेर गेलेलं औषध रोग्याला द्यायचं तर पुन्हा तपासायला हवं, असा नियम. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. दुधाचा थेंब मीच चाटलाय. पण तपासणारे दोन, त्यातला एक स्कीइंगच्या सुट्टीवर. मी त्याच्या बायकोला फोन केला. त्याच्या आईला फोन केला. तो परत आला तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. ओउती आणि रूरिक प्रयोगशाळेतच राहिले. मी तिथे माशाचे पाव पोचवले आणि दोघांना खाऊ घातलं. दोघं भांडत होते, म्हणजे काम चालू होतं.

औषध लागलं. ओउतीनं स्वतःच्या हातानं लावलं, बेचक्याबेचक्यांत, श्वास रोखून.

तोवर अनामिका आणि करंगळी एकमेकींना चिकटली होती.

बाकीची तीन सुटी राहिली. त्यांवर कातडी आली. सर्जननं त्यावरून मऊ ब्रश फिरवून बघितला. सुटली नाही. सगळे डोळे पुसायला लागले. शेजारीण म्हणते, "सायमी, तीन तरी वाचली, देवाचे आभार मान." तीन वाचली ती ओउतीमुळे, त्याचे आभार मी ओउतीचे मानले. दोन गेली ती कुणामुळे, ते मला माहीत आहे, आणि ते विसरायचं वय माझं अजून झालेलं नाही.

इल्मारीला कामावरून दूर केलंय. खटला चालू आहे. भिंतीवरचं चित्र उतरवलं का म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, त्याच्यासाठीही एक बैठक लागेल.

वसंतात, तळ्यावरचा बर्फ काळा पडला तेव्हा, तो इस्पितळाच्या गल्लीत आम्हाला समोरासमोर भेटला. समितीपुढे जबाब द्यायला आला होता. सोबत वकील. आम्हाला बघून वकिलानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो थांबला, वेन्लापुढे वाकला, चेहरा दुःखी केला आणि उजवा हात पुढे केला. आमच्याकडे पुढे आलेला हात कुणी परत पाठवत नाही. हेतानं तिला तेच शिकवलंय.

वेन्लानं त्या हाताकडे नीट बघितलं. मग स्वतःचा हात वर धरला, तीन बोटं पसरून, दोन जोडलेली.

"हा मला अजून जपून वापरायला सांगितलाय," ती म्हणाली. "तुझ्यावर नाही वाया घालवणार."

आणि त्याच हातानं माझी बाही पकडून मला पुढे ओढत घेऊन गेली.